समुद्रातला पाचोळा

फाल्गुन महिन्यात किनवटच्या रानातून चालणे म्हणजे पापडांच्या राशीवरून चालणे. सागाची ताटाएवढी पाने पायाखाली मोडतात आणि त्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणेही नीट ऐकू येत नाही. अशाच दिवसांत तेथील शिक्षकांच्या एका मेळाव्यात ‘निसर्गातील चक्रे’ या विषयावर बोलण्याचा योग आम्हाला आला होता. सोबत अकरावी-बारावीची काही मुलेही होती. इतका पाचोळा दरवर्षी पडतो, मग रान पाचोळ्यात बुडून का जात नाही, असे आम्ही विचारले. मुलांनी भराभर उत्तरे दिली. वाळवी खाते, बुरशी लागते, पावसाळ्यात कुजून माती होते, शिवाय मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून माणसेही झाडाखालचा पाचोळा पेटवतात. उत्तरे बरोबर होती. तेवढ्यात मागच्या रांगेतील एका मुलाने विचारले, “मग सर, समुद्रातला पाचोळा कुठं जातो?”

किनवटहून कोणत्याही दिशेने निघा, चारशे किलोमीटरांच्या आत समुद्र नाही. तरी प्रश्न अगदी नेमका होता. त्याचे उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली आणि त्यातील मोठा भाग प्रवाळभित्तींवर सापडला. त्या शोधाची ही हकीकत आहे.

प्रथम प्रश्न नीट मांडू. सागाचे झाड पान गाळण्यापूर्वी त्यातील नत्र आणि स्फुरद यांचा बराचसा भाग परत ओढून घेते. उरलेला भाग पाचोळ्याबरोबर जमिनीवर येतो आणि वाळवी, बुरशी, जीवाणू यांच्या हातून पुन्हा मुळांपर्यंत पोचतो. जमीन झाडाच्या पायाशीच असल्याने हे चक्र पूर्ण होते. उघड्या समुद्रात तशी सोय नाही. वरच्या उजेडाच्या थरात जे मरते ते खाली बुडते आणि नत्र-स्फुरद आपल्याबरोबर अंधारात घेऊन जाते. उष्ण कटिबंधात वरचे कोमट, हलके पाणी खालच्या गार, जड पाण्यात सहजी मिसळत नाही, म्हणून गेलेले खत लवकर परत येत नाही. ते निळेशार, काचेसारखे पाणी चित्रात सुंदर दिसते, पण त्याची निळाई हेच त्याच्या उपासमारीचे लक्षण आहे. खत नाही म्हणून वनस्पती-प्लवक नाही, आणि प्लवक नाही म्हणून पाणी नितळ. आणि अशाच पाण्यात, समुद्राच्या त्या माळरानावर, प्रवाळभित्ती उभ्या असतात. त्यांवर मासे, खेकडे, शंख, स्पंज यांची दाटी असते. हे सारे खातात काय?

या कोड्याला अनेक पुस्तकांत ‘डार्विनचा विरोधाभास’ असे नाव दिलेले आढळते. डार्विन १८३६ च्या एप्रिल महिन्यात बीगल जहाजातून हिंदी महासागरातील कीलिंग बेटांवर गेला होता हे खरे, आणि १८४२ साली त्याने प्रवाळभित्तींवर पुस्तक लिहिले हेही खरे. परंतु त्याचा मुख्य प्रश्न भूशास्त्राचा होता. बुडत्या ज्वालामुखीभोवती प्रवाळाचे कंकण कसे तयार होते, हे त्याला सांगायचे होते. अन्नाचे कोडे पुढच्या लोकांनी मांडले आणि नाव मात्र मोठ्या माणसाचे चिकटले. विज्ञानाच्या इतिहासात असे बरेच वेळा घडते. शिकवताना हे नाव वापरायला हरकत नाही, फक्त डार्विनने हा प्रश्न या शब्दांत विचारला होता असे सांगू नये.

कोड्यावर पहिला पद्धतशीर हल्ला झाला तो १९२८-२९ साली. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील लो आइल्स या इवल्याशा बेटांवर एक ब्रिटिश मोहीम वर्षभर मुक्काम ठोकून राहिली. तिचा प्रमुख मॉरिस यंग हा तेव्हा अवघा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होता. प्रवाळ-प्राण्याच्या पेशींत पिवळसर तपकिरी एकपेशीय शैवाले राहतात हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच कळले होते. ती तेथे काय करतात, हे यंगच्या गटाला पाहायचे होते. त्यांनी प्रवाळ पाण्याच्या भांड्यात ठेवून पाण्यातील स्फुरद मोजले. शैवाले असलेल्या प्रवाळाच्या भांड्यातील स्फुरद कमी होत गेले. शैवाले नसलेल्या प्रवाळाच्या भांड्यात ते वाढत गेले. म्हणजे प्राण्याने टाकलेली घाण शैवाल जागच्या जागी उचलत होते. पानगळीपूर्वी पानातील नत्र ओढून घेणाऱ्या सागाचीच ही युक्ती, फक्त येथे दोन वेगळ्या जिवांत वाटलेली.

यंगने मात्र यावरून अर्धाच निष्कर्ष काढला. शैवाल म्हणजे प्रवाळाचे उत्सर्जनाचे इंद्रिय, त्याचा भंगी, एवढेच त्याने मानले. अन्नासाठी प्रवाळ पूर्णपणे प्राणी-प्लवकांवर जगतो असे त्याचे ठाम मत होते आणि ते त्याने दीर्घकाळ सोडले नाही. घाण उचलणारा घरात धान्यही आणत असेल, ही कल्पना त्याला पटली नाही. येथे आम्हाला जीवशास्त्रापेक्षा समाजशास्त्राचा वास येतो, पण तो विषय वेगळा आहे.

उत्तर पुढे सरकले ते एका भयंकर निमित्ताने. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने प्रशांत महासागरातील मार्शल बेटांवर अणुबाँबच्या चाचण्या सुरू केल्या. एनिवेटोक या एकाच कंकणद्वीपावर १९४८ ते १९५८ या काळात ४३ स्फोट झाले. १ नोव्हेंबर १९५२ रोजीच्या हायड्रोजन बाँबने तर त्यातील एक अख्खे बेट नाहीसे केले. किरणोत्साराचा सजीवांवर काय परिणाम होतो हे कळायचे, तर निरोगी प्रवाळभित्तीचे काम कसे चालते ते आधी ठाऊक हवे. म्हणून अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या पैशावर यूजीन ओडम आणि हॉवर्ड ओडम हे दोघे भाऊ १९५४ साली एनिवेटोकला गेले. मुक्काम अवघा सहा आठवड्यांचा होता. तेथील मूळ रहिवाशांना १९४७ सालीच दुसऱ्या बेटावर हलवले होते. परिस्थितिविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ओडम बंधूंचे आकडे येतात, हे रहिवासी सहसा येत नाहीत.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण ती वाहत्या ओढ्यावरही वापरता येते. भित्तीवरून समुद्राचे पाणी एकाच दिशेने वाहत खारकच्छाकडे, म्हणजे आतल्या उथळ पाण्याकडे जाते. भित्तीच्या अलीकडे आणि पलीकडे पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. समजा, पाणी एक मीटर खोल आहे, त्याला पट्टा ओलांडायला दहा मिनिटे लागतात आणि तेवढ्यात दर घनमीटर पाण्यातील ऑक्सिजन ०.२ ग्रॅमने वाढतो. तर त्या पट्ट्याच्या प्रत्येक चौरस मीटरमागे तासाला १.२ ग्रॅम ऑक्सिजन शिल्लक पडतो. हेच मोजमाप रात्री केले की ऑक्सिजन घटलेला दिसतो. ती घट म्हणजे श्वसन. दिवसा मिळालेल्या शिलकेत तेवढे श्वसन मिळवले की एकूण प्रकाशसंश्लेषण कळते. भित्तीवरील एकही प्राणी न पकडता सगळ्या वस्तीचा जमाखर्च हाती येतो. ही युक्ती ओडमांच्या आधी सार्जंट आणि ऑस्टिन यांनी जवळच्याच रोंगेलाप बेटावर वापरली होती.

ओडमांना मिळालेला आकडा होता दिवसाला चौरस मीटरमागे सुमारे २४ ग्रॅम सेंद्रिय पदार्थ. ओसाड समुद्रात हे पीक थक्क करणारे होते. पण त्याहून महत्त्वाचा होता दुसरा आकडा. श्वसनाचा खर्चही जवळजवळ तेवढाच होता. जेवढे पिकते तेवढे तेथेच खाल्ले जाते, कुजते आणि पुन्हा वापरले जाते. भित्ती श्रीमंत होती ती आवक मोठी म्हणून नव्हे. बाजारात नाणे थोडेच होते, पण ते एका हातातून दुसऱ्या हातात फार वेगाने फिरत होते.

त्यांची चूकही सांगायला हवी. प्रवाळाच्या चुनखडी सांगाड्यात हिरव्या तंतुमय शैवालांचा पट्टा दिसतो. त्याचे वजन भरपूर निघाल्याने ओडमांनी उत्पादनाचे मोठे श्रेय त्याला दिले. पुढे कळले की तेथवर उजेड फारच थोडा पोचतो आणि खरे काम पेशींतील शैवालेच करतात. १९६९ च्या सुमारास किरणोत्सारी कार्बन वापरून मस्काटीन आणि त्याच्या सहकाऱ्याने दाखवले की ही शैवाले आपण बनवलेले अन्न ग्लिसरॉलसारख्या रूपात प्रवाळाला देतात. यंगने ज्याला केवळ सफाईवाला मानले होते, तोच घरचा कमावता निघाला.

आता हकीकत आपल्याकडे येते. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून तिचा जन्म झाला. पुढे १९७४ मध्ये तिचे संचालक झालेले सय्यद झहूर कासिम यांनी व्ही. एन. शंकरनारायणन यांच्याबरोबर लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे काम केले. त्यांचा १९७० सालचा निबंध भित्तीतून बाहेर पडणाऱ्या सेंद्रिय कणांवर आहे. बहुतेकांचे लक्ष तेव्हा भित्तीवर काय पिकते याकडे होते. या दोघांनी भित्ती टाकून काय देते, हे मोजले. पाणी भित्तीवरून खारकच्छात येताना त्यात श्लेष्म्याचे, शैवालांच्या चुऱ्याचे आणि इतर सेंद्रिय कण वाढतात. किनवटच्या त्या मुलाला हवा होता तो समुद्रातला पाचोळा हाच. १९७२ साली कासिम, भट्टतिरी आणि रेड्डी यांनी कवरत्तीच्या एकूण उत्पादनाचाही हिशेब प्रसिद्ध केला. साधने बेताची होती, बेटावर पोचायचे ते जहाजाने. तरीही हे काम वेळेच्या पुढे होते असे आमचे मत आहे.

याचे एक कारण आमच्या स्वतःच्या अनुभवात आहे. विद्यार्थिदशेत, २००० सालानंतरच्या एक-दोन वर्षांत, आम्ही प्रवाळाच्या तुकड्यांवर मोजमापे करत असू. प्रवाळाला हात लावला की तो बुळबुळीत, शेंबडासारखा स्राव सोडतो. मोजमापात तो अडथळा येतो म्हणून आम्ही प्रत्येक तुकडा नीट धुऊन घेत होतो. धुतलेले पाणी मोरीत जात होते. वहीत त्याची नोंदसुद्धा नाही. २००४ साली ख्रिस्तियान विल्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला आणि तो वाचताना त्या मोरीची आठवण झाली. ऑस्ट्रेलियातील हेरॉन बेटावर त्यांनी मोजले होते की भित्तीच्या एका चौरस मीटरवरून प्रवाळ दिवसाला ४.८ लिटरपर्यंत श्लेष्मा सोडतात. त्यातील ५६ ते ८० टक्के भाग पाण्यात विरघळतो. उरलेला भाग जाळ्यासारखा पाण्यातील बारीक कण पकडतो, जड होतो आणि खारकच्छाच्या वाळूवर जाऊन बसतो. ती पांढरीशुभ्र वाळू वांझ दिसते, पण तिच्या कणाकणांवर जीवाणू असतात. लाटांमुळे पाणी वाळूतून गाळले जाते, जीवाणू श्लेष्म्याचे विघटन करतात आणि त्यातील नत्र व स्फुरद मोकळे होऊन परत पाण्यात येतात. सागाखालच्या जमिनीचे काम येथे वाळू करते.

विरघळलेल्या भागाचे काय होते, हे कोडे तरीही राहिलेच. विरघळलेला पदार्थ मासा खाऊ शकत नाही, खेकडाही नाही. याचे उत्तर भित्तीच्या फटींत आणि कपारींत दडलेले होते. तेथे स्पंजांचे थर असतात आणि वरून पाहणाऱ्याला ते दिसतच नाहीत. कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव बेटावर यास्पर दे हूय आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हे स्पंज विरघळलेला सेंद्रिय पदार्थ शोषतात. पण त्याने ते मोठे होत नाहीत. ते आपल्या गाळणीच्या पेशी विलक्षण वेगाने नव्या करतात आणि जुन्या टाकून देतात. एका जातीत पेशी विभागण्याचे चक्र जेमतेम साडेपाच तासांचे निघाले. टाकलेल्या पेशींचा चुरा कृमी, शंख, खेकडे खातात आणि त्यांना मासे. विरघळून हातचे गेलेले अन्न अशा रीतीने पुन्हा घन होऊन ताटात येते. हा निबंध २०१३ सालचा आहे. म्हणजे ओडम बंधूंनी हिशेब जुळवला त्यानंतर जवळपास साठ वर्षांनी हिशेबनिसांची नावे कळली.

या चक्रात गळती अजिबात नाही, असे मात्र समजू नये. १९७१ साली ‘सिंबायोस’ नावाची मोहीम पुन्हा एनिवेटोकला गेली. रॉबर्ट जोहान्स आणि सहकाऱ्यांनी पाण्यातील नत्राचा हिशेब केला तेव्हा उलटेच चित्र दिसले. भित्तीवर येणाऱ्या पाण्यापेक्षा तिच्यावरून जाणाऱ्या पाण्यात नत्र जास्त होते. दुकानात माल येतो त्याहून जास्त विकला जात होता. हा माल येत कोठून होता? मराठवाड्यातील शेतकऱ्याला याचे उत्तर सुचायला वेळ लागू नये. तूर, मूग, हरभरा यांच्या मुळांवरील गाठींत जे घडते तेच येथे घडत होते. १९७५ साली वीब, जोहान्स आणि वेब यांनी दाखवले की भित्तीच्या सपाट भागावर कॅलोथ्रिक्स हे नीलहरित शैवाल हवेतून विरघळलेला नत्रवायू स्थिर करते. स्फुरदाला अशी पळवाट नाही, ते हवेत नसते. भित्ती ते वाहत्या पाण्यातून वेचते. पाणी गरीब असले तरी ते अहोरात्र वाहत असते, आणि थेंबे थेंबे तळे साचते. १९९० साली एम. व्ही. एम. वाफर आणि सहकाऱ्यांनी प्रवाळांतील नत्रीभवनावर निबंध लिहिला. प्रवाळाच्या आश्रयाने राहणारे जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात, असे त्यात दाखवले आहे. शेतातील जमिनीत जी साखळी आपण नववी-दहावीला शिकवतो, तिची बहुतेक कडी अशा रीतीने समुद्रात सापडली.

मग एक भाबडा विचार मनात येतो. खताची एवढी ओढाताण असेल, तर बाहेरून थोडे खत दिले की भित्ती आणखी फोफावेल का? हा प्रयोग हवाई बेटांवरील कानेओहे उपसागरात नकळत होऊन गेला आहे. तेथे विसाव्या शतकाच्या मध्यापासून वस्तीचे सांडपाणी उपसागरात सोडले जात होते. नत्र-स्फुरद मिळताच बुडबुड्यांसारखे एक हिरवे शैवाल माजले आणि त्याने प्रवाळांना झाकून टाकले. गाळण करून खाणारे प्राणी वाढले, प्रवाळ मागे हटले. १९७७-७८ मध्ये सांडपाणी उघड्या समुद्राकडे वळवल्यानंतर पाणी नितळ होऊ लागले आणि ते शैवालही पुढे ओसरले. काटकसरीने चालणाऱ्या घरात अचानक पैसा आला की घरचे मागे पडतात आणि पाहुणे जागा बळकावतात, तसे झाले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत, याची आपल्या पुष्कळ शिक्षकांना कल्पना नसते. १९७९ साली कासिम आणि वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद केली, त्यात मालवणही आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडकांवर ते आढळतात. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. या प्रवाळांची गंमत अशी की त्यांचे पाणी मुळीच गरीब नाही. पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो, शिवाय खालचे खतयुक्त पाणी वर येते. त्यामुळे येथे लक्षद्वीपसारखी भिंत उभी राहिलेली नाही, खडकाला धरून राहणाऱ्या चिवट जातींच्या वसाहती आहेत. पाठ्यपुस्तकातील ‘नितळ, गरीब पाण्यातील प्रवाळ’ हे चित्र मालवणला लागू पडत नाही, आणि म्हणूनच तेथे आणखी सांडपाणी किती सोसेल हा प्रश्न अधिक नाजूक आहे.

पाण्याची उष्णता ही दुसरी अडचण. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद-दोन अंशांनी जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले की प्रवाळ आपल्या पेशींतील शैवाले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली मोठ्या प्रमाणावर घडले. मालवणच्या प्रवाळांतही विरंजनाच्या नोंदी आहेत. यंगच्या भांड्यातील प्रयोग येथे समुद्रभर होतो. शैवाल गेले की अन्न थांबते आणि प्राण्याची घाणही जागच्या जागी उचलली जात नाही. मोकळे झालेले नत्र-स्फुरद मग दुसऱ्याच शैवालांच्या तोंडी पडते. वाळू गिळून, तिच्यातील सेंद्रिय अंश पचवून स्वच्छ वाळू मागे टाकणारी समुद्रकाकडी याच चक्रातील कामकरी. २००१ सालापासून तिला आणि प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तरी परदेशी बाजारासाठी लक्षद्वीपमधून तिची चोरटी तस्करी झालेली आहे.

किनवटचा आणि समुद्राचा संबंध एका वाटेने मात्र थेट आहे. उघड्या रानातून धुपलेली माती पैनगंगेत येते, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेतून गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. त्या मुखाशी प्रवाळभित्ती नाहीत. गोडे पाणी आणि गाळ त्यांना तेथे टिकू देत नाहीत.

त्या मुलाला आम्ही हे सगळे तेव्हा सांगू शकलो नाही, वेळ संपली होती. एक प्रयोग मात्र दिला, तो येथेही देतो. वाळलेली सागाची पाने दहा-दहा ग्रॅम तोलून घ्यावीत. निम्मी मच्छरदाणीच्या बारीक जाळीच्या पिशव्यांत भरावीत, निम्मी कांद्याच्या पोत्याच्या मोठ्या जाळीच्या पिशव्यांत. मोठ्या भोकांतून वाळवी आणि किडे आत जातील, बारीक जाळीतून मुख्यतः बुरशी आणि जीवाणू. ज्येष्ठात पाऊस सुरू होण्यापूर्वी सगळ्या पिशव्या झाडाखाली ठेवून दगडाने दाबाव्यात. दर महिन्याला दोन्ही प्रकारची एकेक पिशवी उचलून, माती झटकून, पाने उन्हात कडक वाळवून तोलावीत आणि वजन तारखेसह वहीत लिहावे. झटकलेली मातीही टाकू नये, वेगळ्या कागदावर पसरून भिंगाखाली पाहावी.